उंबऱ्याबाहेरचे दोन दिवस

माझे वडील लढाईवरून सुखरूप परत आले, तेव्हा दोन दिवस त्यांना स्वतःच्या घरात पाऊल टाकता आलं नाही. घर जागेवर होतं, दाराला कुलूप नव्हतं, शेजारणींनी चुलीत विस्तव राखला होता आणि घरातली माणसं चार वर्षं त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. त्यांना अडवणारं कोणी परकं नव्हतं, आम्हीच होतो. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती हातातला फोन बाजूला ठेवून ऐकतात, त्या अर्थी गोष्ट बरी असावी. त्यातली मोठी माणसं आता सगळी गेली. माझ्यावर रागवायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला. कागदोपत्री आम्ही सातारचे, पण बाजारहाटाला, डॉक्टरला आणि दिवाळीच्या लुगड्यांना सांगलीचे. घर तीन खणांचं, पुढं ओसरीसारखा सोपा, सोप्याला लागून गोठा. घरात माणसं तीन आणि तिन्ही बायका. थोरली आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती लवकर विधवा झाली आणि घराचा, शेताचा आणि आमचा कारभार तिनं डोक्याला टॉवेल गुंडाळून हातात घेतला. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली की शेजारच्या शेतातले बैलसुद्धा थांबायचे. माझी आई तिच्या अगदी उलट. बारीक चणीची, हळू बोलणारी, आणि प्रत्येक गोष्ट रीतीनं व्हायला हवी असा हट्ट धरणारी. पाणी भरायचं तर आधी तुळशीला, भाकरी करायची तर पहिली गाईला. तिसरी मी, सुभी. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला आठवत नव्हता. खांद्यावर बसवून ओढ्यातून नेताना त्यांच्या केसांना येणारा खोबरेलाचा वास तेवढा आठवायचा.

पहाटे जात्याची घरघर, मग ताकातल्या रवीचा आवाज, मग विहिरीवरच्या मोटेची कुरकुर, अशा क्रमानं आमचा दिवस उजाडे. या आवाजांत महिन्या-दोन महिन्यांनी एक आवाज वाढायचा, तो पोस्टमनच्या सायकलच्या घंटीचा. आबांचं कार्ड यायचं. शाळेतले मास्तर सोप्यात बसून ते वाचून दाखवत. लढाईच्या दिवसांत कार्डातल्या बऱ्याच ओळी पलटणीतूनच काळ्या शाईनं खोडून येत. मास्तर वाचता वाचता थांबत आणि म्हणत, "इथं काळं आहे." थोरली आई लगेच म्हणायची, "काळ्यातच खरं आसंल." मग आई उठून आत जायची आणि त्या दिवशी आमटीत मीठ तरी पडायचं नाही किंवा दोनदा पडायचं.

अशा घरात नवस बोलले जाणार नाहीत तर काय होईल? पण आमच्याकडे नवसाचा एक नियम होता. नवस बोलायचा तो देवाशी, मनातल्या मनात. फिटायची वेळ येईपर्यंत तो कोणाला सांगायचा नाही, सांगितला की त्यातलं बळ जातं. त्यामुळे घरात कोण कोणत्या देवाशी काय ठरवून बसलं आहे, याचा कोणालाच पत्ता नव्हता. मीही एक नवस बोलले होते. आमच्या विहिरीच्या काठावर साती आसरा होत्या, म्हणजे शेंदूर फासलेले सात लहान दगड. पाण्याच्या देवता त्या. एका दुपारी मी त्यांच्यापुढं बसून सांगितलं, "माझ्या आबांना आणा. ते घरात जायच्या आधी तुमच्या पाया पडायला येतील, आणि तुमच्यासमोर मला त्यांच्या हातानं गूळ भरवतील. तोवर मी गूळ खाणार नाही. आणि ते आधी घरात गेले तर त्यांना परत नेलंत तरी चालेल." हे शेवटचं वाक्य मी का बोलले, देव जाणे. बोलून झाल्यावर माझी मलाच भीती वाटली, पण बोललेलं परत कसं घेणार?

गूळ सोडणं म्हणजे काय, हे साखरेवर वाढलेल्या माझ्या नातवंडांना कळायचं नाही. आमच्या भागात उसाचा हंगाम आला की गावभर गुऱ्हाळं लागत. लोखंडाच्या मोठ्या पसरट काहिलीत रस उकळायला लागला की त्याचा वास नदीपलीकडे जाई. मुलं उसाचं कांडकं घेऊन काहिलीभोवती बसत, कांडक्याला गरम काकवी गुंडाळून चाटत. मी आपली लांब चिंचेखाली उभी. "सुभे, ये की गं," असं गूळ करणारा गुळव्या हाका मारायचा आणि मी मान हलवायची. एक हंगाम गेला, दुसरा गेला. थोरल्या आईला वाटलं, पोरगी गुळाला तोंड लावत नाही म्हणजे हिच्या पोटात नक्की जंत आहेत. ती मला गुडघ्यात दाबून, नाक धरून किराइताचा काढा पाजायची. इतकं कडू मी पुन्हा कधी काही प्यायले नाही, आणि आयुष्यात औषधं काही थोडी घेतली नाहीत. काढा घशाखाली उतरला की चव जायला म्हणून ती माझ्यापुढं गुळाचा खडा धरायची. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "बगा, जंतच हायती!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.

मग लढाई संपल्याची बातमी आली, आणि बऱ्याच महिन्यांनी आबांचं एक कार्ड आलं. त्यात एकही ओळ काळी नव्हती. पलटणीतून नाव कापून घेऊन गावाकडे येतो आहे, अमुक वारी सकाळच्या गाडीनं स्टेशनवर उतरेन. दसरा पंधरा दिवसांवर होता. स्टेशन आमच्यापासून दोन कोसांवर. गाडी जुंपून आणायचं काम आबांचे बालमित्र बाळगोंडाकाका यांनी आपणहून घेतलं. ते जैन, आमच्या शेताला शेत लागून. स्वभावानं शांत, आणि कशाचीही घाई नाही. घाई फक्त संध्याकाळच्या जेवणाची, कारण दिवस मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत.

त्या दिवशी दिवस उगवायला बाळगोंडाकाकांची गाडी दारात उभी राहिली आणि घरातून थोरली आई बाहेर आली. हातात ताट, ताटात नारळ, खण, हळदकुंकू. तिच्या मागून आई आली. तिच्याही हातात ताट, त्यात नारळ, बेल आणि तांब्याचा गडू. दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघत राहिल्या.

"ह्ये काय गं?" थोरली आई म्हणाली.

"आक्का, माजा नवस हाय. पैलतीरच्या महादेवाला. घरात पाऊल टाकायच्या आदी त्यास्नी तितं न्यायचं हाय."

"आगं बया! आन माजा वाघजाईला हाय, डोंगरावं. त्योबी घरात पाऊल टाकायच्या आदी."

मग जे भांडण सुरू झालं, ते ऐकायला अर्धी आळी गोळा झाली. वाघजाईचा डोंगर स्टेशनच्या अंगाला, महादेव नदीच्या पलीकडे आईच्या माहेरच्या गावात. एका दिवसात दोन्ही होणं शक्य नव्हतं. थोरली आई म्हणत होती की वाघजाई कडक आहे. आई हळू आवाजात पण माघार न घेता म्हणत होती की महादेवही काही मऊ नाही. शेवटी बाळगोंडाकाका गाडीवरून खाली उतरले.

"आवं वैनी, मला येक सांगा. तुमी नवसात काय बोललाय? दुसऱ्या देवाच्या आदी, का घराच्या आदी?"

"घराच्या आदी," दोघी एकदम म्हणाल्या.

"मग भांडान कशाचं? देवादेवांचं जमतंय, तुमचंच जमंना. आज डोंगर, रातीला आमच्या मळ्यात वस्ती, उद्या नदी, आन मग घर. आमच्यात नवस न्हाई, पर गाडी हाकायला काय, मी हाकतो. आजून कुनाचा हाय का?"

त्यांनी शेवटचं चेष्टेत विचारलं आणि आळीतल्या बायांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाडीच्या चाकाला टेकून उभी होते, तोंड उघडलंसुद्धा. पण नवस सांगितला की त्यातलं बळ जातं, आणि स्टेशन अजून दोन कोस लांब होतं. आगगाडी आलीच नाही तर? आबा त्यातून उतरलेच नाहीत तर? मी तोंड मिटलं आणि देवघरासमोरच्या डब्यातला गुळाचा खडा फडक्यात बांधून कमरेला खोचला.

स्टेशनवर धुराचा लोट दिसला तशी आई माझ्या मागं लपली. खरंच लपली, नऊ वर्षांच्या पोरीच्या मागं. गाडीतून खाकी कपड्यांतला एक दांडगा माणूस हिरवी लोखंडी पेटी घेऊन उतरला. थोरली आई पुढं झाली, तिनं त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मग ती एवढी धिप्पाड बाई फलाटावर खाली बसून रडायला लागली. बाळगोंडाकाका नुसतेच आबांचं नाव घेत "शंकर, शंकर" म्हणत होते. आबांनी मला उचललं. खोबरेलाचा वास नव्हता, कसल्यातरी साबणाचा होता. मी थोडी हिरमुसले, पण त्यांच्या गळ्यातला हात काही काढला नाही.

थोरल्या आईनं डोळे पुसून लगेच हुकूम सोडला. आधी वाघजाई, उद्या महादेव, आणि दोन्ही दर्शनं होईपर्यंत घर नाही. शिवाय वाघजाईला उपाशी पोटी जायचं, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आबा मान डोलावून सगळं ऐकून घेत होते. मग गाडीत चढले आणि आईजवळची भाकरीची पाटी त्यांनी गुडघ्यावर ओढली. ती शिदोरी दर्शनानंतरची होती.

"आवं, ह्ये काय?" आई घाबरून म्हणाली. चार वर्षांनी नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

"येक तुकडा दे. तुज्या हातानं दे."

"देवाच्या आदी? आक्का काय म्हनत्यात ऐकलं न्हाई व्हय? उपाशी जायाचं हाय."

"लय भूक लागलीया गं. दे म्हनतो न्हवं."

ते हसत होते, पण हात पुढं धरलेला काही मागं घेत नव्हते. आईनं थोरल्या आईकडं पाहिलं. थोरली आई आ वासून बघत होती. शेवटी आईनं चतकोर मोडून त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी ती डोळे मिटून सावकाश खाल्ली. ठेचा नाही, दही नाही, नुसती कोरडी भाकरी. खाऊन झाल्यावर म्हणाले, "जरा करपलीया." आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सकाळच्या घाईत भाकरी करपली होती हे खरं, पण ती काही त्यासाठी रडत नव्हती. थोरल्या आईनं चार वर्षं जपलेला नवस देवाच्या पायरीपर्यंत पोचायच्या आत उष्टा झाला होता, आणि तोही तिच्याच हातानं.

तरी तो प्रवास मला अजून लख्ख आठवतो, तो आनंदाचा म्हणूनच. पाऊस सरला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्वारी माणसापेक्षा उंच झाली होती, मधूनमधून कारळ्याचे पिवळे पट्टे फुललेले, शेतातल्या उंच माळ्यावरून पाखरं हाकणारी पोरं गोफणी फिरवत आरोळ्या देत होती. आबा प्रत्येक शेताला नाव घेऊन ओळखत होते. "ह्यो आप्पाचा तुकडा. हितली चिंच कुनी पाडली?" एका ठिकाणी भुईमूग उपटायला काढला होता, त्या लोकांनी डहाळ्यासकट शेंगांचा भारा गाडीत टाकला. वाघजाईच्या डोंगराला दीडशेएक पायऱ्या होत्या, त्याही धड नाहीत. वर पोचल्यावर थोरल्या आईनं देवीपुढं पदर पसरला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आई, लेकरू भुकेलं हुतं. येक चतकोर खाल्लीया त्यानं. ती माज्या हिशेबाला धर, त्याला पदरात घे." आई खांबाला धरून उभी होती. तिनं देवीकडे पाहिलंच नाही. आबा मात्र निवांत होते, खाली दिसणाऱ्या नदीच्या वळणाकडं बघत. मला तेव्हा त्यांचा रागच आला. इतकी भूक का कोणाला लागते? मी दोन वर्षं गूळ सोडला, यांना एक डोंगर चढेपर्यंत धीर धरवला नाही?

उतरताना बाळगोंडाकाकांनी सूर्याकडं बघून सगळ्यांना पळवलं. त्यांच्या मळ्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काकूंनी ज्वारीची आंबील, दोडक्याची भाजी आणि लोण्याचा गोळा पुढं ठेवला. उजेड असेपर्यंत आम्ही जेवलो, अंधार पडल्यावर शेंगा भाजायची आबांची इच्छा काकांनी हसून मोडून काढली, आणि दिवसभराच्या दमणुकीनं मी बसल्या जागी झोपले.

दुसऱ्या दिवशीची खरी गंमत म्हणजे, मळ्यातून नदीला जायचा गाडीरस्ता बरोबर आमच्या दारावरून जात होता. आबा परत आल्याची बातमी गावभर झालीच होती. आमच्या दारात माणसांची दाटी. गाडी थांबली, पण आबा खाली उतरायला तयार होईनात. उतरलं आणि पाय चुकून आत पडला तर? ते गाडीत बसून आपल्याच घराकडं टकमक बघत होते. शेजारचे तात्या कमरेवर हात ठेवून पुढं आले.

"राम राम पावनं! कुठल्या गावचं म्हनायचं?"

"लांबचा हाय," आबा म्हणाले. "हे घर कुनाचं हो? लय बेस दिसतंय. मानसं कशी हायती?"

"मानसं बरी हायती, पर पावन्याला आत घेत न्हाईत!"

सगळी आळी हसली, थोरली आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. कोणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं. गोठ्यातली म्हैस दावं ताणून आबांकडं बघत ओरडली. आबांनी गाडीतूनच हात लांब करून तिला हाक मारली, आणि गाडी पुढं निघाली.

नदीवर आलो तर नाव काठावर उलटी पडलेली, तिची फळी बदलायचं काम चाललेलं. पाऊस गेला तरी कृष्णा अजून दोन्ही काठ धरून होती. मग आमच्याकडची जुनी युक्ती. गुऱ्हाळ लागायला अवकाश होता, त्यामुळे गुळाची काहील रिकामी होती. ती पाण्यात ढकलली, त्यात आम्ही पाचजण दाटीवाटीनं बसलो, आणि गावातले दोन पट्टीचे पोहणारे दोन्ही कडांना धरून काहील ढकलत निघाले. काहील सरळ कधी जात नाही, ती आपल्याभोवती फिरत फिरत जाते. क्षणात आमचं गाव दिसायचं, क्षणात महादेवाचं शिखर, क्षणात पुन्हा आमचं गाव. मला हसू आवरेना. जुन्या काकवीचा वास काहिलीच्या कडांना अजून होता, आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. शेतात सापालाही न घाबरणारी थोरली आई पाण्याला मात्र भयंकर भ्यायची. मधल्या धारेला काहील जरा कलली तशी तिनं डोळे गच्च मिटले, दोन्ही हात जोडले आणि सुरुवात केली, "गं किस्नामाई, आमास्नी सुकरूप पैलतीराला लाव, म्हंजे मी ह्यास्नी घरात न्यायच्या आदी..."

"वैनी!" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की पोहणाऱ्याच्या हातातली कड सुटली. "पाया पडतो तुमच्या, आता नवं काय बोलू नगासा!"

बाळगोंडाकाका हसून हसून बेजार झाले. काहील त्यांच्या हसण्यानं आणखी डुलायला लागली आणि थोरली आई त्यांना शिव्या देत, डोळे मिटलेलेच ठेवून पैलतीराला लागली. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा आई हसली. पण महादेवापुढं ती बसली ती बसलीच. गाभाऱ्यातून सगळे बाहेर आले तरी ती आतच होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. डोळे पुसून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काहीतरी ठरवून आल्यासारखा दिसत होता.

उन्हं उतरायच्या सुमारास आम्ही दारात परत आलो. आता काहीच राहिलं नव्हतं. आई भाकरतुकडा ओवाळून टाकायला घेऊन आली. थोरल्या आईनं आबांच्या पायांवर पाणी घातलं. लोक म्हणत होते, "चल गड्या, आता आत." आबांनी उजवा पाय उचलला. परत नेलंत तरी चालेल, असं मीच तर सांगितलं होतं सात जणींना. मी माणसांच्या पायांतून घुसले, उंबऱ्यावर चढले आणि चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभी राहिले.

"आबा, पाय टाकू नगासा!"

"आता हिचं काय?" थोरली आई म्हणाली.

"माजाबी हाय."

मी कमरेचं फडकं सोडलं. दोन दिवसांत गुळाचा खडा घामानं आणि नदीच्या पाण्यानं पार चिकट झाला होता. तो हातात धरून मी रडत रडत सगळं सांगितलं. आसरा, गूळ, आणि ते शेवटचं वाक्यसुद्धा. मला वाटलं आता थोरल्या आईचा हात पाठीत बसणार. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हंजे सुभे, दोन वर्सं... ते जंत न्हवतं?"

मी मान हलवली.

"आगं माजे बाई! आन मी तुला किराइत पाजत हुते!" असं म्हणून तिनं मला छातीशी इतकं आवळलं की माझा श्वास कोंडला. तिच्या टॉवेलला शेणाचा आणि उन्हाचा वास येत होता. मग ती उठली आणि आबांवरच ओरडली, "बघत काय ऱ्हायलासा भावजी? चला हिरीवर! पोरीनं वाट बघितलीया!"

सगळी आळी आमच्या मागून विहिरीवर आली. आबांनी सात दगडांपुढं कपाळ टेकलं आणि तो चिकट खडा माझ्या तोंडात घातला. त्याला धूळ लागली होती, फडक्याचे दोरे लागले होते. इतका गोड गूळ मी पुन्हा खाल्ला नाही. परतताना आबांनी मला खांद्यावर घेतलं आणि मला खांद्यावर घेऊनच, डोकं वाकवून, ते घरात शिरले.

ही गोष्ट इथं संपली असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढं माझं लग्न झालं, तासगावच्या बाजूला दिलं मला. थोरली आई गेली. मी धाकट्या मुलाला घेऊन माहेरी आले होते, सोप्यात आबांबरोबर शेंगा फोडत बसले होते. वार सोमवार. आईचा उपवास. आई सोमवार धरायची हे मला लहानपणापासून माहीत होतं. बायका धरतात तशी धरते, एवढंच मी समजत होते. बोलता बोलता त्या दोन दिवसांचा विषय निघाला, आणि हसून झाल्यावर मी सहज विचारलं, "आबा, आमी समद्यांनी नवस बोललो. तुमी तिकडं काय बोलला न्हवता व्हय?"

"बोललो हुतो की," आबा म्हणाले आणि शेंग फोडून दाणे माझ्या मुलाच्या हातावर ठेवले. "इटलीत येका वढ्यात दोन दिस दबून बसलो हुतो. डोसकं वर काडायची सोय न्हाई. खायला लाकडागत बिस्कुटं. तवा म्हनलं, जो कोन देव ऐकत आसंल त्यानं ऐकावं. गावाकडं पोचलो तर आदी हिच्या हातची भाकरी तोंडात घालीन. मग देव, मग दार."

मला स्टेशन आठवलं. पुढं धरलेला तो हात आठवला.

"आन मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाई?"

"इचारलं कुनी?"

आत भांडं खाली पडल्याचा आवाज झाला. आई सैपाकघराच्या दारात आली. चेहरा लालेलाल.

"मग तवाच सांगायचं न्हाई व्हय?" माझी हळू बोलणारी आई ओरडली. "त्या चतकोर भाकरीपायी मी सोमवार धरतीया! म्हादेवाला सांगितलं हुतं, त्यांची चूक माज्या पोटाला लाव! कवापासनं उपाशी ऱ्हातीया मी, आन ह्यो मानूस नवस फेडून बसलाय!"

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना हे माहीत नव्हतं. ते काही बोलणार तोवर आई आत गेली. थोड्या वेळानं आतून परातीवर भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, जरा जास्तच जोरात. मग ती बाहेर आली. पितळीत एकच भाकरी, वाफ निघत असलेली. आबांच्या समोर मांडी घालून बसली, पितळी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि हात पुढं केला.

"द्या. तुमच्या हातानं द्या."

आबांनी चतकोर मोडून तिच्या हातावर ठेवली. आईनं डोळे मिटून ती सावकाश खाल्ली, सोमवार असताना, दिवसाउजेडी, माझ्या देखत. खाऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसलं.

"आजबी करपलीया," ती म्हणाली, आणि तिनं उरलेली भाकरी त्यांच्यापुढं सारली.